पेटीच्या तोंडाची पट्टी

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली लाकडी पेटी होती आणि ती पेटी गुणगुणत होती.

"संग्राम हाय काय घरात?" त्यानं विचारलं.

मी पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसलो होतो. हातात पेपर होता, तो आदल्या दिवसाचा होता हे मला मागाहून कळलं. "न्हाई," एवढंच मी म्हणालो. तो हसला, पेटी अलगद पायरीवर ठेवली आणि शेजारी उकिडवा बसला.

"मग थांबतो की. मी धोंडू झोरे. तिकडं वर डोंगरात असतोय. मधमाशा पाळायचं शिकायला तुमचं पोरगं आलतं माझ्याकडं उन्हाळ्यात, चार दिस. म्हटलाता, मामा, चांगल्या माशा गावल्या की थेट घरी घेऊन या, मी पेटी करून ठेवतो. परवा गावल्या, जांभळीच्या ढोलीत. पैल्या यष्टीनं आलो. कंडक्टर म्हटला, फडक्यात काय हाय? म्हटलं, गूळ. म्हटला, गूळ गुणगुणतोय कसा?"

स्वतःच्याच बोलण्यावर तो मनापासून हसला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. आतून माझी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं असावं.

"ते गेले," वृषाली म्हणाली. "जुलैत. चार महिने झाले."

झोरेनं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग उठला आणि पेटी पुन्हा काखेत मारू लागला.

"मला ठावं न्हवतं, वैनी. माघारी घेऊन जातो."

"ठेवा," वृषाली म्हणाली.

चार महिन्यांत तिनं आपणहून काही पाहिजे म्हटल्याची ती पहिलीच वेळ असावी. एरवी विचारलं तर हो किंवा नाही.

मी हिंदुराव. गारगोटीच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, त्यामुळं गावात सगळे मला मिस्त्री म्हणतात. संग्राम एकुलता एक. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मुदाळतिट्ट्याच्या अलीकडं त्याची मोटारसायकल घसरली. आदल्या रविवारी तिचे ब्रेक मीच घट्ट केले होते. पोलिसांनी गाडी परत दिल्यावर परसात पोतं अंथरून मी ती नटबोल्टापर्यंत खोलली. ब्रेक ठीक होते. केबल ठीक, टायर ठीक. सगळं ठीक होतं. परत जोडली, शेडमागं उभी केली आणि त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. माझी बायको आक्काताई रडून मोकळी व्हायची. मला ते जमलं नाही. भूक लागायची नाही आणि जेवण नको, असंही वाटायचं नाही. पुढ्यात आलं की खायचो.

संग्रामनं केलेली पेटी शेडमध्येच होती. सागवानी, आत मधाची पोळी अडकवायच्या आठ चौकटी. झोरेनं ती बाहेर काढली, वास घेतला आणि मान डोलावली. परसातल्या पेरूच्या झाडाखाली आम्ही पेटी ठेवायला चार पायांचा घोडा ठेवला. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्यात ठेवायचे होते, तर मी ग्रीसच्या डब्यांची बुडं कापून आणली. झोरेनं आणलेली पोळी केळीच्या सोपटानं एकेका चौकटीला बांधली आणि माशा ओंजळीनं उचलून आत सोडल्या. उघड्या हातानं. मी त्याला चौकटी देत होतो.

"मामा, तुम्हाला चावली," वृषाली मला म्हणाली. "डोळ्याखाली. अजून एक हातावर हाय बघा."

"व्हय?"

मी हात वर करून बघितला. काटा अजून मांसात होता. झोरेनं नखानं खरवडून काढला. संध्याकाळपर्यंत माझा डावा डोळा बंद झाला, आक्काताईनं चुना आणून लावला, तोंड भोपळ्याएवढं झालं म्हणाली. मला ते आरशात दिसलं, पण लागलं असं नाही.

"मलाबी तसंच हुतंय," चहा देताना वृषाली हळूच म्हणाली. "परवा तापलेला तवा तसाच उचलला. फोड आल्यावर कळलं."

मी चहा घेतला.

जाण्यापूर्वी झोरेनं पेटीच्या तोंडाशी एक पत्र्याची पट्टी ठोकली. तिला बारीक फटी होत्या.

"हे नीट ऐका, मिस्त्री. आत एक राणी हाय. ती अंडी घालती, बाकीच्या कामकरी. जागा नवी हाय, राणीला पसंत पडली न्हाई तर ती उठून चालाय लागंल आणि तिच्या मागनं सगळ्या. म्हणून ही पट्टी. कामकरी बारीक, त्या ह्यातनं जात्यात, येत्यात. राणीचं अंग मोठं, ती अडकती. आठ दिस ठेवायची, तवर आत पिल्लं हुत्यात, मग पिल्लं टाकून ती जात न्हाई. आठ दिसांनी काढून टाकायची. इसरायचं न्हाई."

"इसरत न्हाई," मी म्हणालो. चौतीस वर्षांत एका गाडीचं ऑइल बदलायची तारीख मी चुकवली नव्हती.

आठवा दिवस रविवार होता. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी परसात निघालो आणि पुढच्या दारी वृषालीचा भाऊ आला. जोतिराम, निपाणीचा. लग्नाआधी वृषाली तिकडं एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची.

"मामा, डॉक्टरांनी निरोप दिलाय," जोतिराम म्हणाला. "तिची जागा त्यांनी धरून ठेवलीया. गुढीपाडव्यापर्यंत थांबतो म्हणालेत. तिला घेऊन जावं म्हणतोय. नुसती बसून पोर वाळाय लागलीया. चार माणसांत गेली तर..."

"हितं काय कमी हाय तिला?"

"कमी कशाला असंल मामा. तुम्ही लेकीवानी बघतायसा, आमाला दिसतंय की."

"वर्ष होऊ दे," मी म्हणालो. "वर्षाच्या आत सुतकातली बाई घराबाहेर पाठवत न्हाईत आमच्यात. वर्षश्राद्ध झालं की बघू."

आमच्यात असं काही नव्हतं. माझी चुलत बहीण तीन महिन्यांत शाळेवर रुजू झाली होती आणि तिला सोडायला मीच गेलो होतो. पण असल्या गोष्टी वडीलधाऱ्यानं सांगितल्या की उलट कोण बोलतो? जोतिरामनं मान हलवली, जेवला आणि गेला. तो गेल्यावर आक्काताई म्हणाली, "बरं केलंसा. ती गेली तर ह्या घरात काय ऱ्हातंय?"

मी परसात गेलो. स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घेतला होता. पेटीपुढं उकिडवा बसून पट्टीकडं बघितलं. पत्रा हलका होता, एका कडेला गंज धरत होता. हा टिकायचा नाही, असं माझ्या मनात आलं. काढायची आहे, टिकवून काय करायचीय, हे मनात आलंच नाही. मी शेडमध्ये जाऊन स्टीलची पट्टी घेतली, व्हर्नियरनं फटीचं माप काढलं आणि दोन दिवस बसून कानसेनं नवी पट्टी केली. एका फटीत आणि दुसऱ्या फटीत केसाचाही फरक नाही. संध्याकाळी माशा आत गेल्यावर जुनी काढली, नवी चार स्क्रूंनी बसवली. संग्राम गेल्यापासून मी हातानं नवं घडवलेलं ते पहिलं काम होतं. चांगलं झालं होतं.

वृषाली सकाळी भांडी घासून झाली की पेटीपाशी जाऊन बसायची. साखरेचा पाक करून वाटीत काडी टाकून ठेवायची. हळूहळू तिला बोलायला विषय मिळाला.

"मामा, आज पायाला पिवळं लावून आल्यात. कशाचं असंल?"

"मोहरीचं. खालच्या रानात फुललीया."

"काल पांढरं हुतं."

"शेवगा."

एवढंच. पण आक्काताई खिडकीतून ऐकायची आणि रात्री मला सांगायची, पोरगी आज चार वाक्यं बोलली. आम्ही दोघं ती वाक्यं धरून बसलो. ती इथंच बरी होतेय, तिला कुठं जायची गरज नाही, हे आम्हाला त्या चार वाक्यांतून पाहिजे तसं ऐकू यायचं.

"मामा, ती पट्टी काढायची हुती न्हवं?" जानेवारीत एकदा तिनं विचारलं.

"काढू की. थंडी सरू दे."

पुढच्या महिन्यात पट्टीच्या आतल्या बाजूला मेलेल्या माशा दिसायला लागल्या. काळ्या, जाड, मोठ्या डोळ्यांच्या. मी रोज सकाळी तारेनं ओढून काढायचो.

"ह्या मोठ्या माशाच का मरत्यात?" वृषाली म्हणाली. "आणि दारातच? झोरेमामांना निरोप देऊया का?"

"वय झालं असंल त्यांचं. यंत्रात पण जुना भाग पडतोयच."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जोतिराम पुन्हा आला. या वेळी तो थोडा ताठ होता. सरळ विषयालाच हात घातला.

"मामा, पाडवा महिन्यावर आला. डॉक्टर विचारालेत. आमच्या घरात कुणी वर्षाचं मानत न्हाई. मी तिलाच विचारतो."

"तिला विचारलंय मी," मी म्हणालो. "तिलाच न्हाई यायचं. हितंच ऱ्हातो म्हणाली."

मी तिला काही विचारलं नव्हतं. खोटं बोलताना माणसाचा घसा कोरडा पडतो म्हणतात. माझा पडला नाही. मी ते 'गाडी क्रमांक अमुक, काम पूर्ण' असं सांगावं तसं सांगितलं. त्याच वेळी वृषाली चहाचे कप घेऊन दारात आली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं ट्रे ठेवला, भावाला बिस्किटं पुढं केली आणि आत गेली. जोतिराम दाराकडं बघत राहिला, मग चहा अर्धा टाकून उठला. जाताना त्यानं मला नमस्कार केला नाही.

होळी झाली आणि झोरे आला. जांभूळ फुलायला लागली होती, पेटीवर मधाचा मजला चढवायची वेळ झाली आहे का बघायला म्हणून आला. येताना वृषालीला करवंदाचं लोणचं आणलं होतं. हसत हसत परसात गेला आणि पेटीपुढं थांबला.

"पट्टी?"

"मी ठेवली," मी म्हणालो. "पत्रा गंजत हुता, म्हणून स्टीलची केली."

झोरेनं खिशातून नाणं काढून चारी स्क्रू सोडवले. पट्टी हातात घेऊन उन्हाकडं धरली, एकेका फटीतून बघितलं.

"काम बेस हाय," तो म्हणाला. "लई बेस."

मग त्यानं झाकण उघडून चौकटी वर काढायला सुरुवात केली. मला काही कळत नव्हतं, पण पेटी हलकी झाली होती हे दिसत होतं. पहिल्या दिवशी माशांनी पोळं दिसत नव्हतं, आता माशा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या विरळ. पाचव्या चौकटीशी तो थांबला.

"ही बघा राणी."

सडपातळ, लांबट माशी होती. पोळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची, कडेला पोचली की वळायची, परत धावायची. कुठं थांबत नव्हती. वृषाली वाकून बघत होती.

"ही ती न्हवं, जी तुम्ही आणली हुती," ती म्हणाली.

"न्हाई. ती म्हातारी हुती, ती मेली. माशांनी दुसरी तयार केली. बेस केली." झोरे चौकट धरूनच बोलत होता, आवाज न चढवता. "नव्या राणीला पैल्यांदा एकदा भाईर जावं लागतंय, मिस्त्री. वर आभाळात जाती, तिथं नरांशी गाठ पडती, आणि माघारी येती. मग जलमभर अंडी घालती. त्याला दिस ठरल्यात, दोन-तीन आठवडं. तेवढ्यात न्हाई गेली की झालं. मग दार उघडा न्हाईतर पेटी मोडून टाका, काय उपेग न्हाई. ह्या दारातल्या मोठ्या माशा म्हणजे नर. तेबी भाईर पडाय बघून बघून मेले."

"मला वाटलं, निघून जाईल," मी म्हणालो.

"म्हातारी गेली असती, पैल्या आठवड्यात. ही न्हाई. हिचं घर हेच हुतं. ही जाऊन आली असती."

पेरूच्या झाडावर एक बुलबुल बसला होता, तो माशा टिपत होता. त्याला हाकलावं असंही कुणाला सुचलं नाही.

"आता हिचं काय करायचं?" वृषालीनं विचारलं.

"ऱ्हायल्याल्या माशा माझ्या पेटीत मिसळतो. जगतील. ही असंपर्यंत त्या मिसळत न्हाईत."

झोरेनं राणीला चिमटीत उचललं आणि आमच्याकडं पाठ केली. परत वळला तेव्हा हात धोतराला पुसत होता. पेटी फडक्यात बांधून तो दुपारच्या गाडीनं गेला. पट्टी पायरीवर तशीच राहिली. ती आजही शेडमध्ये खिळ्याला आहे, गंजलेली नाही.

झोरे गेल्यावर मी पायरीवर बसलो. वृषाली ग्रीसच्या डब्यांतलं पाणी एकेक करून झाडाच्या बुडात ओतत होती.

"वृषाली," मी म्हणालो. "तुझ्या भावाला मी खोटं सांगितलं."

"ऐकलं हुतं मी."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं तिसरा डबा उपडा केला आणि हातात धरून थांबली.

"मला वाटलं, खरंच असंल. मला तर कशाचंच काही वाटत नव्हतं, मामा. जावं असंबी न्हाई आणि ऱ्हावं असंबी न्हाई. तुम्ही म्हणालासा, न्हाई यायचं म्हणती. म्हटलं, तुम्हाला दिसलं असंल माझ्यात तसं काहीतरी."

हे ऐकून मला काय झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. शरम वाटली म्हणावं, तर ती नंतर वाटली. त्या वेळी एवढंच दिसलं की तिची इच्छा म्हणून मी जे सांगितलं, ते ती मुकाट्यानं अंगावर घालून बसली होती, मापाचं आहे का तेसुद्धा न बघता.

"आता बघ," मी म्हणालो. "आत्ता. जावंसं वाटतंय?"

"कळत न्हाई."

"मग जाऊन बघ. जमलं न्हाई तर परत ये. दार हाय तिथंच हाय. सकाळी सव्वासातला निपाणी गाडी लागती."

आक्काताई मागच्या दारात उभी होती. ती मला बोलेल असं वाटलं. ती आत गेली आणि जरा वेळानं बेसन भाजल्याचा वास आला.

पाडव्याला तीन दिवस होते. स्टँडवर मी तिला डाव्या बाजूची खिडकी धरून दिली, बॅग वर ठेवली आणि खाली उतरून सवयीनं पुढच्या चाकाशी वाकलो. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला.

"मिस्त्री, रिटायर झालासा आता," तो वरून म्हणाला. "गाडी बघितलीया आमी."

माझा हात चाकाच्या आत ब्रेकच्या पाइपापर्यंत पोचला होता. तो मी मागं घेतला.

"तुमीबी चाललासा काय?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई. ती एकटीच चाललीया."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी चालत घरी आलो. परसात रिकामा घोडा होता, त्याचे पाय कोरड्या डब्यांत होते.

पुढं पुष्कळ झालं. झोरेनं दुसऱ्या वर्षी नव्या माशा आणल्या, आठव्या दिवशी पट्टी काढली की नाही ते बघायला स्वतः येऊन बसला. आज माझ्याकडं नऊ पेट्या आहेत. वृषालीनं तीन वर्षांनी लग्न केलं, तिची मुलगी मे महिन्यात येते आणि तोंडाला जाळी न घालता पेटीत डोकावते म्हणून ओरडा खाते. पण माझ्या मनात राहिला आहे तो पाडव्यानंतरचा रविवार.

सकाळी फोन वाजला. मीच उचलला.

"मामा, मी बोलतेय."

"बोल. जेवतीस का नीट?"

"व्हय. आत्तींना सांगा, लाडू संपले." ती म्हणाली. "मामा, काल लॅबमध्ये काचपट्टी फुटली. बोट कापलं माझं. टाका घातला डॉक्टरांनी."

"लागलं का गं?"

मला वाटलं, फोन कट झाला.

"लागलं, मामा," ती म्हणाली. "लई दुखलं." आणि ती रडायला लागली. जुलैपासून रडली नव्हती, ते सगळं. मध्येच श्वास घेऊन पुन्हा म्हणायची, लई दुखलं ओ मामा. मी गप्प बस म्हणालो नाही. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातानं आक्काताई धावत आली. "काय म्हणती?"

"बोट कापलंय तिचं," मी म्हणालो. माझ्या गालाशी धरलेला रिसीव्हर ओला झाला होता.

आक्काताईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खुर्ची माझ्या मागं सरकवली.